डाव्या हाताचं पान

तेलगाव, ४ मार्च

आदिनाथ,

अभिनंदन. हा मेल असला तरी पत्र समजून वाच. नुसता अंगठा दाखवून मोकळा होऊ नकोस.

तू पाठवलेला बदल, तुझा पॅच, कर्नलवाल्यांनी घेतल्याचं त्यांच्या मेलिंग लिस्टवर वाचलं. जगभरातल्या कॉम्प्युटरांच्या पोटात जो कर्नल चालतो, त्यात आता तेलगावच्या पोराच्या हातच्या शे-दोनशे ओळी असणार. एप्रिलअखेर नवी आवृत्ती निघेल तेव्हा खाली तुझं नाव येईल, आणि मेमरीच्या त्या भागाची देखरेखही तुझ्याकडेच सोपवणार, अशी लिस्टवर कुजबुज आहे. मी ती कुजबुज दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली ती बरोबर कळलं की नाही हे बघायला.

मनिषाने पेढे आणले. मी आणायला सांगितले नव्हते. ती म्हणाली, भाऊजींचं एवढं नाव झालं, तोंड तरी गोड करा. केलं. मला पेढा जरा खवट लागला, तिला नाही लागला.

इकडे आपला डबा चालू आहे. ‘आपला’ म्हणायची जिभेला सवय आहे, मनावर घेऊ नकोस. तुला आठवत असेल तर, जिनिंगमध्ये पट्ट्यावरून जाणाऱ्या कापसाचे फोटो काढून त्यात प्लॅस्टिकचा धागा शोधणारा तो डबा. तू गेलास तेव्हा असे दोनच होते, आता जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी आहेत. आप्पारावांच्या जिनिंगमधला मात्र अलीकडे दुपारनंतर अडून बसतो. पट्टा थांबतो, बाहेर कापसाच्या गाड्या तुंबतात आणि आप्पाराव मला फोन करून माझ्या शिक्षणाची चौकशी करतात. नव्या कर्नलची चाचणी प्रत टाकल्यापासून हे सुरू झालंय. कारण अजून सापडलेलं नाही.

माय बरी आहे. तुझं विचारते. मी सांगतो, बरा आहे. याहून जास्त मला माहीत नसतं.

सुग्रीव

ता. क. तू विमानतळावरून फोन करून गेलास, त्या दिवशी तिने तुझ्यासाठी धपाटे करून ठेवले होते. ते मी आठवडाभर खाल्ले. हे तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो.


तेलगाव, ९ मार्च

आदिनाथ,

तुझं उत्तर मिळालं. ‘थँक्स भावा, सगळे कसे आहेत.’ शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा नाही. हॉलंडमध्ये प्रश्नचिन्ह महाग असेल.

आज तुझं भाषण बघितलं. त्या परिषदेतलं, इंग्रजीतलं. मनिषा म्हणते मी ते चारदा बघितलंय. खोटं आहे. ‘एक म्हातारी’पर्यंत बघतो आणि बंद करतो, त्यामुळे पूर्ण असं एकदाच झालंय.

तू सुरुवात छान केलीस. आपण कॉलेजात समजावून सांगायचो तशीच. कर्नल मेमरीची सारख्या मापाची पानं करतो. प्रोग्रॅम पान मागतो, कर्नल मोकळं दिसेल ते देतो, काम झालं की पान परत. दिवसभर हे चाललं की मोकळी पानं भरपूर उरतात, पण इथं एक, तिथं दोन. आणि एखाद्याला सलग पानं हवी असतात, उदाहरणार्थ आमच्या कॅमेऱ्याला मोठा फोटो ठेवायला. जागा आहे आणि बसायला मात्र मिळत नाही. मग एकजण या टोकाकडून निघतो आणि हलवता येण्यासारखी पानं उचलतो, दुसरा त्या टोकाकडून रिकाम्या जागा शोधत येतो. उचललेली पानं रिकाम्या जागांत बसवली की मागे सलग जागा मोकळी होते. दोघं समोरासमोर आले की काम संपलं. जमिनीच्या गटवारीवरून आपण त्याला तुकडेजोड म्हणायचो. तू तिथे तो शब्द वापरला नाहीस, साहजिक आहे.

मग तू पंगत काढलीस.

मराठीत जेवायला मांडतात तेही पान आणि वहीचंही पान, हे तू त्या गोऱ्या लोकांना सांगितलंस आणि ते खूश झाले. आदिनाथ, ही गंमत पहिल्यांदा मी तुला सांगितली होती. दुसऱ्या वर्षाला, कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर, तू नापास व्हायच्या बेतात होतास म्हणून. पंगतीत मोकळी पानं असतात, पण आठजणांचं कुटुंब एकत्र बसायला आलं की वाढपी ओरडतो, ‘सरका, सरका,’ हीच तुकडेजोड. हे शब्द माझे आहेत. तुझं भाषण संपल्यावर तुला प्रश्न विचारणाऱ्या त्या दाढीवाल्याने पंगतीचं कौतुक केलं, तेव्हा तू मान हलवलीस. कोणीतरी सांगितलं होतं, एवढं म्हटलं असतंस तरी चाललं असतं. नाव घेतलं नसतंस तरी.

पण माझं सोड. गडाच्या सप्ताहातली ती काल्याची पंगत तू सांगितलीस. नवं लग्न झालेली जोडी सगळं वऱ्हाड घेऊन आलेली, सगळी ओळ सरकली आणि मध्ये बसलेली एक बाई सरकायला तयार नाही. वाढपी चिडला, पंच आले, तरी नाही. शेवटी नवरा ओळीत तिच्या अलीकडे आणि नवरी पलीकडे बसून जेवली. ‘आमच्या गावातली एक हट्टी म्हातारी,’ तू म्हणालास, आणि पडद्यावर ओळीच्या मधोमध एक लाल ठिपका काढलास. सगळं सभागृह हसलं.

तुझे आई-बाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, ते पाडव्याच्या आसपास परत यायचे. मधले महिने तू आमच्या घरात असायचास. माझ्या शेजारी झोपायचास, माझ्या चपला घालायचास आणि माझ्या मायला माय म्हणायचास. मला ते कधी आवडलं नाही, हे तुला माहीत होतं आणि तरी तू म्हणायचास. आता तीच बाई ‘गावातली एक म्हातारी’ झाली. तेव्हा ती म्हातारीसुद्धा नव्हती बे, माझ्या आजच्या वयाची होती.

ती का सरकली नाही, हे तुझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक आहे. तू तिच्या उजव्या हाताला बसला होतास. जयजयकार होऊन तुझा पहिला घास तोंडात गेला होता. अर्ध्या जेवणातून पोराला उठवायचं नाही म्हणून ती दगडासारखी बसून राहिली. गाव पुढे कितीतरी वर्षं तिला विचारत होतं, भामाबाई, सरकल्या का. बाजारात, दळणाच्या रांगेत, लग्नातसुद्धा. तिने तुझ्यासाठी एवढं ऐकून घेतलं आणि तू तिचा ठिपका केलास.

उजव्या हाताची ती जागा माझी होती. त्या दिवशी तू आधी जाऊन बसलास. मी तिथून निघून गेलो आणि पाण्याच्या टँकरपाशी दुसऱ्या ओळीत जेवलो. तिथे बुंदी संपली होती.

सुग्रीव


तेलगाव, १५ मार्च

आदिनाथ,

सापडलं.

आप्पारावांच्या जिनिंगमध्ये दिवसभर कापसाच्या धुळीत डब्याशेजारी बसून होतो. बाहेर आलो तेव्हा मनिषाने मला ओळखलं नाही, म्हणाली कोण हा पांढरा माणूस. दोष माझ्या डब्यात नाही. तुझ्या शे-दोनशे ओळींत आहे.

तुला समजेलच, तरी सावकाश सांगतो, कारण मला सांगताना मजा येते आहे. काही पानं हलवता येत नाहीत. कॅमेऱ्याच्या चिपला कर्नलने पानाचा पत्ता एकदा दिला की ती थेट त्या पानावर लिहीत राहते, मध्ये कोणाला विचारत नाही. ते पान हलवलं तर ती जुन्याच जागी लिहील, म्हणजे दुसऱ्याच्याच ताटात वाढेल. म्हणून ते पान धरून ठेवलेलं असतं. तुझ्या आधीचा कर्नल असं पान दिसलं की सोडून पुढे जायचा. तू काय केलंस? पान हललं नाही तर थांबायचं, पुन्हा म्हणायचं सरका, पुन्हा थांबायचं, पुन्हा सरका. तुमच्याकडच्या मोठ्या मशीनवर हे खपून जातं. तिथे पान क्षणभर धरलेलं असतं, दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला सुटतं. आमचा कॅमेरा सकाळी धरतो आणि संध्याकाळी सोडतो. तुझा वाढपी त्याच्यासमोर उभा राहून दिवसभर ओरडतो आणि मागे अख्खी पंगत उपाशी बसते.

तुला वाटलं पान हट्टी आहे. कोणीतरी ते धरून ठेवलंय, हे तुझ्या डोक्यातच आलं नाही. तू पंगत चुकीची सांगितलीस आणि पॅचही तसाच लिहिलास.

ह्याच्यावर इलाज आहे. ज्याला दिवसभर बसायचंय त्याला आधीच विचारा आणि वाढायच्या आधी कडेला बसवा, म्हणजे मध्ये कोणी अडणार नाही. हा इलाज तीन वर्षांपूर्वी मी लिस्टवर पाठवला होता. एका माणसाने ‘इंटरेस्टिंग’ म्हणून उत्तर दिलं आणि विषय संपला. मी नंतर बरेच दिवस रोज सकाळी लिस्ट उघडून बघायचो. तू तेव्हा त्या लिस्टवर होतास. तूही काही लिहिलं नाहीस.

आता मी लिस्टवर टाकायचं पत्र लिहून ठेवलंय. मनिषाने व्याकरण तपासून दिलंय, इंग्रजी तिचं माझ्याहून बरं आहे. त्यात आप्पारावांच्या डब्याचे सगळे पुरावे आहेत, तुझी ओळ आहे, तुझं नाव आहे. सोमवारी टाकणार आहे. आवृत्ती निघायच्या आत सगळ्या जगासमोर तुझा पॅच काढून घ्यावा लागेल, आणि ज्याचा पॅच असा परत जातो त्याच्याकडे देखरेख सोपवत नाहीत. तुला आधी एकट्याला कळवून दुरुस्त करू देणं हीच खरी रीत आहे, मला ठाऊक आहे. मनिषानेही हेच सांगितलं. म्हणाली, तुम्ही जळताय. मी म्हणालो, हो, जळतोय, मग?

हे तुला का लिहितो आहे, तेही सांगतो. सोमवारी तुला कळेलच. पण पहिल्यांदा माझ्याकडून कळावं, असं वाटलं. तुझा चेहरा बघता येणार नाही, निदान तू हे वाचतोयस एवढं तरी मनात आणता येईल.

सुग्रीव


तेलगाव, २२ मार्च

आदिनाथ,

सोमवार गेला. मी ते टाकलं नाही. का ते सांगतो, पण आधी हे ऐक की मी चांगुलपणाने थांबलो नव्हतो. मला आधी मायला दाखवायचं होतं.

तिला कळायला हवं होतं. इतकी वर्षं ‘आदीचं पत्र आलं का, आदी जेवतो का, तिकडं थंडीत आदीला गोधडी हाय का.’ एकदाच तिने बघावं की तिच्या आदीने चारशे लोकांत तिचं कसं हसं केलं. मग लिस्टवर टाकलं असतं, म्हणजे दोन्हीकडून काम फत्ते.

ती ओसरीत तूर निवडत बसली होती. मी लॅपटॉप समोर ठेवला. तुला बघितल्यावर तिने हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, लई वाळलाय. तू वाळलेला नाहीस, चांगला सुटलायस, पण ते असो. इंग्रजी तिला कळेना, तरी ती मान हलवत ऐकत होती. मग पडद्यावर पंगत आली, तुझा लाल ठिपका आला, लोक हसले, आणि मी तिथे थांबवलं.

तिने विचारलं, ‘हे मधी कोन हाय?’

‘ती तू हाईस,’ मी म्हणालो.

‘अन् हसतेत कावून?’

मी सांगितलं. काहीही वगळलं नाही, उलट थोडं वाढवलंच. हट्टी म्हातारी म्हणतो, गावातली कुणी एक म्हणतो, मायचं नाव घेत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट टेकवलं.

‘बराबर काढलंय त्यानं,’ ती म्हणाली. ‘ही मी. हे माझ्या उजवीकडं त्याचं. अन् हे डावीकडचं रिकामं, तुझं.’

मी ते चित्र इतक्यांदा बघितलं होतं, पण तुझ्या लाल ठिपक्याच्या डाव्या हाताला तू एक रिकामं पान काढलंयस, हे मला दिसलं नव्हतं. मी म्हणालो, माझं कसं असेल, मी तर टँकरपाशी जेवलतो.

‘मला काय म्हाईत तू तिकडं जेवलास म्हनून. तू रुसून गेलतास. भूक लागली की येशील, म्हनून पान मांडून धरून बसले. सरकले असते तर तुझी जागा गेली असती की.’

मी विचारलं, मग तेव्हा सांगितलं का नाहीस. पंचांना, वाढप्याला, मला.

‘कोनी इचारलं? समदे नुसतं सरका म्हनायलेत.’

तिने परत सूप हातात घेतलं. मी विचारलं, तू त्या दिवशी जेवलीस का. ती म्हणाली, घरी येऊन भाकर खाल्ली होती, तू झोपलतास. एवढंच. आणि मग तुझं ते भाषण पुढे लाव म्हणाली, अजून बघायचं होतं तिला.

आदिनाथ, मी लहानपणापासून उजव्या हाताच्या त्या पानाचा हेवा केला. तू माझी जागा घेतलीस आणि माय तुझ्यासाठी हलली नाही, हे मी इतक्यांदा स्वतःला सांगितलं होतं की ते मला दिसल्यासारखं आठवायचं. तुझा घास, तिचा हात, सगळं. मी तर तिथे नव्हतोच. गाव तिला ‘सरकल्या का’ विचारायचं तेव्हा मला तुझा राग यायचा, आणि ती माझ्यासाठी ऐकून घेत होती. मला रडू आलं. ओसरीत, तुरीसमोर. मनिषा आतून आली, बघितलं आणि परत आत गेली. हे तुला सांगताना लाज वाटायला हवी, पण आत्ता वाटत नाही.

पॅचमधला दोष मात्र जागेवर आहे. तो मायच्या बोलण्याने सुटणार नाही. माझं पत्र तयार आहे, मी ते खोडलेलं नाही. मला आधी तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तू तिच्या शेजारी बसला होतास. ते रिकामं पान तू काढलंस. ते कोणाचं होतं हे तुला माहीत होतं का? माहीत असून तू तिला हट्टी म्हणाला असशील, तर मी सोमवारी टाकतो, आणि या वेळी खरंच टाकतो.

दोन ओळींत उत्तर देऊ नकोस.

सुग्रीव


तेलगाव, ३० मार्च, पाडवा

आदी,

तुझं उत्तर काल आलं. मी वाचलं, मनिषाला वाचून दाखवलं आणि मग मायला, तिने पुन्हा वाचायला लावलं. तू आपल्या बोलीत लिहिलंस म्हणून तिला समजावून सांगावं लागलं नाही. एक तुकडा इथे उतरवतो, म्हणजे नंतर ‘असं मी म्हणालोच नव्हतो’ म्हणायला नको.

‘म्हाईत होतं बे. मी उजवीकडंच बसलतो. माझ्या पानावर दोनदा बुंदी पडली, अन् माय सारखी डावीकडं बघायली. माझ्याकडं एकदाबी बघितलं न्हाई तिनं. तुझ्या रिकाम्या पानाचा मला लई हेवा वाटला, आजबी वाटतो. माझे माय-बाप त्या साली अजून कारखान्यावरच. माझ्यासाठी कुठल्या पंगतीत कोनी पान धरलेलं मी बघितलंच न्हाई. भाषणात ते सांगितलं न्हाई, कारन ते पान माझं न्हवतं. अन् माय म्हनालो असतो तर समद्यांना वाटलं असतं माझीच माय हाय. मला ते लई आवडलं असतं, म्हनून म्हनालो न्हाई.’

मायने दोन्ही वेळा पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, दोघं सारखेच येडे. मला वाटतं ती तुझ्याबद्दल जास्त म्हणाली, मनिषाच्या मते माझ्याबद्दल.

आता कामाचं. तुला माहीत होतं, तरी लिस्टवरचं ते पत्र मी खोडलं. आप्पारावांच्या डब्याचे पुरावे तुला एकट्याला पाठवलेत, याच मेलला जोडून. तुझ्या ओळीखाली खूण केली आहे. पान धरलेलं असेल तर तुझा वाढपी थोडक्यात हाक मारून पुढे निघू दे, आणि दिवसभर बसणाऱ्याला आधीच कडेला बसव. तीन वर्षांपूर्वीचा माझा पॅच त्यासाठी जसाच्या तसा लागतो, तोही जोडला आहे. दोन्ही मिळून तूच लिस्टवर टाक, आवृत्ती निघायच्या आत. देखरेखीचं त्यांनी काय ठरवायचं ते ठरवू दे. चूक स्वतः शोधून आणणाऱ्याला ते नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणाले तर मला सांग, मी चार शब्द लिहीन. दुरुस्तीखाली दोघांची नावं घाल. माझं आधी. तेवढं मी सोडणार नाही.

तीन वर्षांपूर्वी लिस्टवर माझ्या बाजूने का लिहिलं नाहीस, हे तू या उत्तरातही टाळलंयस. मी विसरलेलो नाही. समोर आलास की विचारीन.

समोर येण्याचं म्हणशील तर, गडाचा सप्ताह या वर्षी आपल्याच शिवारात आहे. पुढच्या महिन्यात काला. वर्गणीची पट्टी गोळा झाली, मंडपाची जागा साफ करणं सुरू आहे. मायचे गुडघे आता मांडी घालू देत नाहीत. मी म्हणालो, कडेला खुर्ची टाकतो, म्हाताऱ्या माणसांची वेगळी ओळ असते. म्हटलं, इलाजही तोच आहे, दिवसभर बसणाऱ्याने कडेला बसावं. ती नाही म्हणाली. मधल्या ओळीत, खाली, भुईवर बसणार आहे. आणि कोणी कुठे बसायचं हेही तिने आत्ताच ठरवून टाकलंय. म्हणाली, ‘तू उजवीकडं बस. डाव्या हाताचं पान या साली आदीचं.’

ऐकलं तेव्हा मी पुन्हा जळलो. खोटं कशाला बोलू. डाव्या हाताचं पान माझं असल्याचं कळून पंधरा दिवस होत नाहीत, तोवर ते तुला गेलं. मनिषा हसत होती. मी मायला म्हणालो, त्याला सुट्टी मिळेल का, तिकिटं मिळतील का, आणि तो आलाच नाही तर? ती म्हणाली, मग बसू की धरून.

तिने ठरवलंय, आता मी काय बोलणार. भर उन्हात, वरण-भात निवत असताना वाढपी येईल. कोणाचं तरी वऱ्हाड मागे उभं असेल, पंच ओरडतील, सरका, सरका. ती सरकणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. आणि या खेपेला तिच्या उजव्या हाताला मी बसलेलो असेन, मीही सरकणार नाही.

सुग्रीव